ओपनबॉक्सची मांडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं आणि आडत्यांच्या पेढ्यांवर जुने संगणक लिनक्सवर चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. ओपनबॉक्स हा लिनक्सवरचा एक हलका विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम. सगळी उत्तरं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ आणि १३ व ओपनबॉक्स ३.६ धरून दिली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

विंडो मॅनेजर नेमकं करतो काय?

खिडक्यांना चौकट आणि शीर्षकपट्टी देतो, त्या हलवतो, लहान-मोठ्या करतो, कोणती पुढे आणि कोणती मागे ते ठरवतो आणि कळफलकाचे शॉर्टकट ऐकतो. एवढंच. खालची पट्टी, घड्याळ, वायफायचं चिन्ह, भिंतीवरचं चित्र, आवाज, लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय व्हावं हे, यातलं काहीही त्याच्याकडे नाही. 'ओपनबॉक्स बिघडला' म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या खात्यांच्या असतात. म्हणून बिघाड शोधताना पहिला प्रश्न 'ही गोष्ट कोणाच्या हातात आहे' हाच विचारा.

आमचं यंत्र २ जीबी रॅमचं आहे. ओपनबॉक्स घेतला की वेगवान होईल का?

सुरू होताना आणि खिडक्या उघडताना फरक पडेल. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की पुन्हा तेच रडगाणं, कारण रॅम खाणारा ब्राउझर आहे, विंडो मॅनेजर नाही. जोडीला 'झेडरॅम-टूल्स' हे रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारं पॅकेज घाला, थोडा श्वास मिळतो. प्रोसेसर ३२-बिटचा असेल तर डेबियन १२ वरच थांबा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही.

आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की यंत्र आपोआप बंद पडतं, त्यावरही हे औषध नाही. आधी पंख्यातली धूळ काढा.

काय काय बसवायचं?

ओपनबॉक्स, ऑबकॉन्फ (खिडकीतून सेटिंग बदलण्यासाठी), टिंट२ (खालची पट्टी), पीसीमॅनएफएम (फाइली आणि भिंतीचं चित्र), एलएक्सटर्मिनल, एलएक्सपोलकिट (पासवर्ड विचारणारी खिडकी), अरँडर (प्रोजेक्टरसाठी) आणि लाइटडीएम (लॉगिनसाठी). मराठीसाठी 'फाँट्स-लोहित-देवा' किंवा 'फाँट्स-नोटो-कोअर'. पोलकिट बहुतेक जण विसरतात. मग पेन ड्राइव्ह जोडताना किंवा छपाईयंत्र घालताना 'परवानगी नाही' एवढंच दिसतं आणि पासवर्ड विचारलाच जात नाही.

फाइली कुठे असतात?

घरच्या फोल्डरात 'डॉट-कॉन्फिग' (आधी टिंब, मग लगेच नाव, मधे हायफन नाही), त्यात 'ओपनबॉक्स', आणि त्यात तीन फाइली: 'आरसी डॉट एक्सएमएल' (शॉर्टकट, माऊस, खिडक्यांचे नियम), 'मेनू डॉट एक्सएमएल' (उजव्या क्लिकचा मेनू) आणि 'ऑटोस्टार्ट' (सुरुवातीला चालणाऱ्या गोष्टी). नव्या वापरकर्त्याकडे त्या नसतात. 'ईटीसी'तल्या 'एक्सडीजी'खालच्या 'ओपनबॉक्स' फोल्डरातून नक्कल करून घ्या आणि फक्त नकलेतच बदल करा.

बदल केल्यावर 'ओपनबॉक्स', जागा, दोन हायफन आणि 'रीकॉन्फिगर' अशी आज्ञा द्या. लॉगआउट करायची गरज नाही. ऑटोस्टार्टला मात्र ही आज्ञा लागू पडत नाही, ती फाइल लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

मराठी कळफलक चालू केला आणि सगळे शॉर्टकट मेले. का?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

आरसी फाइलीत 'डब्ल्यू-ई' (विंडोजची खूण आणि ई) असं लिहिलं की ओपनबॉक्स कळफलकाच्या सध्याच्या नकाशात रोमन 'ई' कोणत्या बटणावर आहे ते शोधतो आणि ते बटण धरून ठेवतो. तुम्ही नकाशात फक्त भारतीय लेआउट ठेवला असेल तर त्यात रोमन 'ई' कुठेच नसतो. मग ओपनबॉक्स मागितलेली की या डिस्प्लेवर नाही अशी इंग्रजी तक्रार नोंदवून पुढे जातो. ही तक्रार घरच्या फोल्डरातल्या 'डॉट-एक्ससेशन-एरर्स' फाइलीत सापडते. एंटर, टॅब, एफ४ असे अक्षराविना असलेले शॉर्टकट तेवढे चालू राहतात. 'अर्धेच शॉर्टकट चालतात' अशी तक्रार आली की रोग हाच.

उपाय असा: दोन्ही लेआउट एकत्र ठेवायचे आणि इंग्रजी पहिला ठेवायचा. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'कीबोर्ड' नावाची फाइल आहे, ती रूटच्या (यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याच्या) हक्काने उघडा. त्यातल्या तीन ओळी बदला:

लेआउटच्या ओळीत: यूएस, स्वल्पविराम, इन. (मधे जागा नको.)
व्हेरिएंटच्या (लेआउटच्या उपप्रकाराच्या) ओळीत: आधी स्वल्पविराम, मग मराठी.
ऑप्शन्सच्या ओळीत: जीआरपी, अपूर्णविराम, 'शिफ्ट्स-टॉगल'. (हायफनच्या जागी अंडरस्कोअर.)

व्हेरिएंटमधला सुरुवातीचा स्वल्पविराम गाळू नका. तो 'पहिल्या लेआउटला व्हेरिएंट नाही' असं सांगतो. गाळला तर 'मराठी' हे नाव इंग्रजी लेआउटला चिकटतं आणि नकाशाच तयार होत नाही. यंत्र पुन्हा सुरू करा. आता दोन्ही शिफ्ट एकदम दाबले की भाषा बदलते.

हा मराठी लेआउट इनस्क्रिप्टचा आहे: 'एन'वर ल आणि शिफ्टसह ळ, 'जे'वर र आणि शिफ्टसह 'सुऱ्या'मधला ऱ. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर 'मराठी'च्या जागी 'मार', हायफन, 'कागापा' लिहा. अहिराणीसाठी वेगळं काही लागत नाही, लिपी तीच.

पण हे तर सेट-एक्स-केबी-मॅप (टाइप करताना हायफन नाहीत) या नकाशा बदलणाऱ्या आज्ञेनेही होतं ना?

होतं, पण टिकत नाही. यूएसबी कळफलक एकदा सुटला आणि परत जोडला की एक्स (पडदा, कळफलक आणि माऊस सांभाळणारी मूळ प्रणाली) त्याला नवं उपकरण समजतो आणि मूळ नकाशा लावतो. शाळेच्या प्रयोगशाळेत, जिथे सैल झालेल्या पोर्टमध्ये वायरी दिवसभर हलत असतात, तिथे हे रोजचं. वर सांगितलेली फाइल नव्याने जोडलेल्या प्रत्येक कळफलकाला लागू पडते. आज्ञा फक्त चाचणीपुरती वापरा.

भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट का नको? विंडोजवर तीच सवय आहे.

घ्या हवं तर. पण ऑल्ट-शिफ्ट-टॅबने उलट दिशेला खिडक्या फिरवताना आणि ऑल्ट-शिफ्ट-बाणाने खिडकी दुसऱ्या डेस्कटॉपवर पाठवताना भाषा मधेच बदलत राहील. कॅप्स लॉक कोणी वापरत नसेल तर 'शिफ्ट्स-टॉगल'च्या जागी 'कॅप्स-टॉगल' (इथेही हायफनच्या जागी अंडरस्कोअर) हा त्याहून सरस पर्याय.

खिडक्या अचानक गायब होतात. सगळं बंद झालं का?

नाही. ओपनबॉक्स चार डेस्कटॉप घेऊन येतो, आणि रिकाम्या जागेवर माऊसचं चाक फिरवलं की तो पुढच्या डेस्कटॉपवर जातो. समोर रिकामा पडदा दिसतो आणि माणूस घाबरून यंत्राचं बटण दाबतो. चाक उलट फिरवा, खिडक्या जागेवरच आहेत.

दुसरा प्रकार: शीर्षकपट्टीवर चाक वर फिरलं तर खिडकी गुंडाळली जाऊन फक्त पट्टी उरते. खाली फिरवलं की उलगडते.

अभ्यासिकेत किंवा दुकानात चार डेस्कटॉप कोणाला लागत नाहीत. आरसी फाइलीत 'डेस्कटॉप्स' भागात 'नंबर'मध्ये १ लिहा. मग 'माऊस' भागात 'टायटलबार' या संदर्भाखाली 'अप' आणि 'डाउन' अशा नावांचे दोन माऊसबाइंड (माऊसच्या क्रियेच्या नोंदी) काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, रोजचे चार फोन वाचतात.

फॉर्मच्या खिडकीचं 'सबमिट' बटण पडद्याच्या खाली जातं. स्क्रोलही होत नाही.

१३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर हे ठरलेलं. ऑल्ट दाबून ठेवा, खिडकीच्या आत कुठेही डावं बटण धरा आणि वर ओढा. शीर्षकपट्टी पडद्याबाहेर गेली तरी चालेल. ऑल्ट आणि उजव्या बटणाने ओढलं तर आकार बदलतो.

लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम करणाऱ्यांची यात एक अडचण आहे: इंकस्केपमध्ये ऑल्ट-क्लिक म्हणजे खालचा आकार निवडणं, आणि ते क्लिक ओपनबॉक्स मधेच पळवतो. आरसी फाइलीत 'फ्रेम' या संदर्भाखाली 'ए-लेफ्ट' आणि 'ए-राइट' आहेत, तिथे 'ए'च्या जागी 'डब्ल्यू' करा. मग हलवण्याचं काम विंडोजच्या खुणेच्या बटणाकडे जातं.

'डब्ल्यू', 'ए' ही काय भानगड आहे?

डब्ल्यू म्हणजे सुपर (विंडोजची खूण), ए म्हणजे ऑल्ट, सी म्हणजे कंट्रोल, एस म्हणजे शिफ्ट. ही चारही अक्षरं मोठ्या लिपीत, मधे हायफन. शेवटी बटणाचं नाव. नाव माहीत नसेल तर टर्मिनलमध्ये 'एक्सईव्ही' चालवा आणि बटण दाबा, 'कीसिम' शब्दानंतर दिसेल. लॅपटॉपवरच्या आवाजाच्या बटणांची लांबलचक नावंही तिथेच मिळतात.

दोन खिडक्या शेजारी-शेजारी कशा लावायच्या? डाव्या अंगाला पावत्या, उजव्या अंगाला हिशेब.

सुपर-डावा बाण यासाठी एक कीबाइंड (शॉर्टकटची नोंद) लिहा आणि त्यात दोन क्रिया याच क्रमाने द्या: आधी 'अनमॅक्सिमाइझ', मग 'मूव्ह-रिसाइझ-टू'. दुसरीत एक्स ०, वाय ०, रुंदी ५० टक्के, उंची १०० टक्के. उजव्या बाजूसाठी तेच, फक्त एक्समध्ये उणे ०. हे उणे शून्य म्हणजे चूक नव्हे, 'उजव्या कडेपासून मोजा' असा त्याचा अर्थ. पहिली क्रिया गाळली तर पूर्ण उघडलेली खिडकी स्वतःला अजून पूर्णच समजते. क्रियांच्या इंग्रजी नावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात आणि मधे हायफन नसतो.

खिडकीचा तळ पट्टीखाली जात असेल तर टिंट२ च्या फाइलीत 'स्ट्रट-पॉलिसी' बघा. तिथे 'फॉलो-साइझ' हवं. (दोन्हींत हायफनच्या जागी अंडरस्कोअर.)

लिब्रेऑफिस नेहमी पूर्ण पडद्यावर उघडावं. नियम लिहिला, पण आता त्याचे छोटे संवादही पडदाभर होतात.

'ॲप्लिकेशन' नियमात 'टाइप' म्हणून 'नॉर्मल' जोडायचं राहिलं. ते नसेल तर नियम त्या प्रोग्रामच्या प्रत्येक खिडकीला लागतो. नेमकं नाव हवं असेल तर 'ऑबएक्सप्रॉप' चालवा, माऊसचं अधिकचिन्ह होईल, खिडकीवर क्लिक करा. येणाऱ्या यादीत 'ओबी-ॲप'ने सुरू होणाऱ्या ओळींत नाव, क्लास आणि टाइप असतो. अंदाजाने नाव लिहू नका, छोट्या-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही.

मेनूत मराठी नावं देता येतात?

येतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, बस. 'छपाई', 'पावत्या', 'मापाडी वही', काय हवं ते. दोन गोष्टी जपा. 'आणि'साठी वापरतात ते अँपरसँड चिन्ह एक्सएमएलमध्ये एकटं चालत नाही. चिन्ह, मग ए-एम-पी, मग अर्धविराम, असं लिहावं लागतं. आणि लेबलातला अंडरस्कोअर दिसत नाही, तो पुढच्या अक्षराला मेनूतलं शॉर्टकट बनवतो. खरोखर दाखवायचा असेल तर दोनदा लिहा.

शीर्षकपट्टीत अक्षरांऐवजी चौकोन दिसतात.

देवनागरी फाँट नाही. 'एफसी-लिस्ट', जागा, अपूर्णविराम, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर अशी आज्ञा द्या. उत्तर कोरं आलं तर वर सांगितलेलं फाँटचं पॅकेज घाला आणि लॉगआउट करून परत या. फाँट असूनही पट्टीत उकार किंवा वेलांटीचा माथा कापला जात असेल तर ते टिंट२ चं काम: पॅनेलची उंची ३० वरून ३६ करा. ओपनबॉक्सची शीर्षकपट्टी फाँट बघून स्वतःची उंची ठरवते.

मेनूतून आज्ञा चालत नाही, टर्मिनलमध्ये मात्र चालते.

ओपनबॉक्स आज्ञा थेट चालवतो, शेलमार्फत (टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेणाऱ्या प्रोग्राममार्फत) नाही. त्यामुळे पाइप, डॉलरचं चिन्ह, एका ओळीत जोडलेल्या दोन आज्ञा यांचा त्याला पत्ता नसतो. पूर्ण आज्ञा अवतरणचिन्हांत घालून तिच्याआधी 'एसएच', हायफन, 'सी' लिहा.

'स्क्रॉट'ने पडद्याचा भाग निवडून फोटो घेण्याचा शॉर्टकटही अनेकदा चालत नाही, पण कारण वेगळं. बटण दाबलं त्या क्षणी कळफलक ओपनबॉक्सच्या ताब्यात असतो आणि स्क्रॉटलाही तोच हवा असतो. आधी 'स्लीप ०.२' घातलं की भांडण मिटतं. (हे दोन्ही एका ओळीत येतात, म्हणजे 'एसएच'वाली युक्ती इथेही लागणार. ही आज्ञा टाइप करताना आकडे रोमन.)

ऑटोस्टार्टमधली पहिली गोष्ट चालते, पुढच्या नाहीत.

त्या ओळीच्या शेवटी अँपरसँड नाही. ही साधी शेल फाइल आहे. टिंट२ बंद होईपर्यंत ती पुढच्या ओळीवर जाणारच नाही, आणि टिंट२ तर दिवसभर बंद होत नाही. सतत चालणाऱ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ते चिन्ह हवं. इथे ते एकटंच, एक्सएमएलचा नियम नाही.

एकही ओळ चालत नसेल तर लॉगिनमध्ये 'ओपनबॉक्स-सेशन' ऐवजी नुसता 'ओपनबॉक्स' चालतोय का बघा. ऑटोस्टार्ट वाचण्याचं काम सेशनचं.

फाइल लिहिता लिहिता लाइट गेली. आता लॉगिन केलं की एक इंग्रजी इशारा येतो आणि कोणताच शॉर्टकट चालत नाही.

एक्सएमएल अर्धवट राहिलं. इशाऱ्यात फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, पण चूक बहुधा त्या ओळीच्या वर सापडते. उघडलेला टॅग बंद झाला नाही हे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला पुढे गेल्यावरच कळतं. 'एक्सएमएललिंट', जागा, दोन हायफन, 'नोआउट' आणि मग फाइलीचं नाव दिलं की सगळ्या चुका दिसतात. ही आज्ञा 'लिबएक्सएमएल२-यूटिल्स' पॅकेजात येते.

काहीच जमलं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने काळ्या पडद्यावर जा, लॉगिन करा आणि आरसी फाइलीचं नाव बदला. ती सापडली नाही की ओपनबॉक्स 'ईटीसी'तली मूळ फाइल वापरतो. भारनियमनाच्या वेळा ठाऊक असलेल्या माणसाने बदलाआधी एक नक्कल शेजारी ठेवावी, हे वेगळं सांगायला नको.

मुलं प्रत्येक यंत्रावर सेटिंग बदलून ठेवतात. कुलूप कसं लावायचं?

आरसी फाइल रूटच्या नावावर करून काही होत नाही. फोल्डर मुलाच्या मालकीचं असेल तर तो ती फाइल पुसून नवी ठेवू शकतो. त्याऐवजी तुमची फाइल 'ईटीसी'तल्या ओपनबॉक्सच्या फोल्डरात 'लॅब डॉट एक्सएमएल' नावाने ठेवा. मग 'यूएसआर', 'शेअर', 'एक्ससेशन्स' या फोल्डरात ओपनबॉक्सच्या डेस्कटॉप फाइलीची वेगळ्या नावाने नक्कल करा आणि तिच्या 'एक्झेक' ओळीत 'ओपनबॉक्स-सेशन'पुढे दोन हायफन, 'कॉन्फिग-फाइल' आणि लॅब फाइलीचा पूर्ण पत्ता द्या. लॉगिनच्या वेळी हेच सेशन निवडा. मूळ फाइल बदलू नका, पॅकेज अपडेट झालं की ती परत पहिल्यासारखी होते. मेनू आणि ऑटोस्टार्ट मात्र या कुलपाबाहेर राहतात.

पडदा लॉक केल्यावर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

कळफलक मराठीवर असताना लॉक झालं. तुम्ही देवनागरीत टाइप करताय आणि पडद्यावर फक्त ठिपके दिसताहेत. भाषा बदलायचा शॉर्टकट लॉकवरही बहुधा चालतो, आधी तो दाबून बघा. कायमचा उपाय म्हणजे लॉकच्या शॉर्टकटमध्ये आधी सेट-एक्स-केबी-मॅपने नुसता यूएस लेआउट लावायचा, मग लॉक, आणि लॉक उघडल्यावर पुन्हा दोन्ही लेआउट. आय३लॉक वापरत असाल तर त्याला हायफन-एन द्या. नाही तर तो लगेच मागे सरकतो आणि तिसरी आज्ञा लॉक उघडण्याआधीच चालून जाते.

प्रोजेक्टर काढल्यावर खिडकी बाहेरच अडकली.

'एक्सरँडर', जागा, दोन हायफन, 'ऑटो'. प्रोजेक्टर रोज लागत असेल तर अरँडरमध्ये मांडणी करून जतन करा, तयार झालेली फाइल शॉर्टकटला बांधा. जुने प्रोजेक्टर बहुतेक १०२४ बाय ७६८ चे असतात. लॅपटॉपचंही तेवढंच रिझोल्यूशन ठेवलं तर दोन्हीकडे सारखं दिसतं.

रास्पबेरी पायवर यातलं काय चालेल?

ऑक्टोबर २०२४ पासून रास्पबेरी पाय ओएस (त्या छोट्या संगणकाची प्रणाली) वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर, लॅबडब्ल्यूसी हा विंडो मॅनेजर वापरते. ओपनबॉक्स फक्त एक्सवर चालतो. पण लॅबडब्ल्यूसीने आरसी आणि मेनू या फाइलींची घडण ओपनबॉक्सचीच ठेवली आहे, फक्त त्या 'डॉट-कॉन्फिग'मधल्या 'लॅबडब्ल्यूसी' फोल्डरात असतात. वर लिहिलेले बरेचसे कीबाइंड तसेच उचलता येतात. सेट-एक्स-केबी-मॅप, ऑबएक्सप्रॉप यांचा तिथे उपयोग नाही. मराठी लेआउटसाठी त्याच फोल्डरात 'एन्व्हायर्नमेंट' नावाची फाइल करा आणि एक्सकेबी-डिफॉल्टने सुरू होणारी लेआउट, व्हेरिएंट आणि ऑप्शन्स ही तीन नावं (मोठ्या लिपीत, अंडरस्कोअरने जोडून) त्याच मूल्यांसह लिहा. व्हेरिएंटमधला सुरुवातीचा स्वल्पविराम इथेही लागतोच.